गाजरं वेळेवर निघतील

२४ सप्टेंबर २०२४. सकाळी ६.१०.
काल जनवाड्याला बाबांचं पितर घातलं. जेवणं झाली आणि पान लावताना थोरल्या भावानं, अंकुशअण्णानं, विषय काढला. गुडघे गेलेत, विहिरीकडचा तुकडा आता होत नाही, डिसेंबरअखेरच्या येळ अमावस्येपासून वीरण्णाला बटईनं देतो म्हणाला. वीरण्णा शेजारचा शेतकरी, माणूस चांगला आहे. पण तुकडा बाबांचा आहे. मी लगेच सांगितलं, द्यायचा तर मला दे. रिटायर होऊन घरीच बसलोय, मी करतो.

अण्णा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "शिवप्रसाद, जल्मभर बसस्टँडवर शिट्ट्या मारलास. तुला तूर कुठली आन् तण कुठलं ते तरी कळतंय का?" हे सगळ्यांसमोर. वहिनी, माझी बायको राजूबाई, खुद्द वीरण्णा, सगळे ऐकत होते.

मग त्यानं अट घातली. येळ अमावस्येला शेतात जी मिसळभाजी खातात, त्या भज्जीला गाजर लागतं. ह्या साली ते बाजारातून आणायचं नाही. मी बीदरला माझ्या घरी, माझ्या हातानं पिकवायचं. भज्जीत माझं गाजर पडलं तर तुकडा माझा, नाही पडलं तर वीरण्णाचा.

मान्य केलं. गाजर म्हणजे काय? बी टाकणे, पाणी घालणे, उपटणे. तीन स्टॉपचा रूट. मी बीदर स्टँडवर कंट्रोलर म्हणून दिवाळीच्या गर्दीत हैदराबादच्या गाड्या सोडल्या आहेत.

३ ऑक्टोबर. घटस्थापना. सकाळी ८.३०.
संकल्प: आजपासून रोज नोंद. वेळेसहित.

सकाळी कल्पना सुचली. अशा कल्पना मला नेहमी आंघोळ करताना सुचतात. देवीच्या घटात गहू तिसऱ्या दिवशी तरारतो. अंगणात तोच गहू टाकला तर आठवडा लागतो. म्हणजे वेग घटात आहे. राजूबाई वाती वळत होती तेवढ्यात गाजराचं अख्खं पाकीट घटाच्या मातीत मिसळून टाकलं. माती विहिरीकडच्या तुकड्यातलीच आहे, दरवर्षी ती तिथूनच आणते. योग बघा.

तिनं विचारलं, "घटात काय टाकलाव?" मी म्हणालो, शास्त्र आहे. तिनं देवीला नमस्कार केला. बहुतेक माझ्या वतीनं केला असावा.

१२ ऑक्टोबर. दसरा. दुपारी ४.००.
घटात फक्त गहू. गाजराचा एक कोंब नाही. बी बोगस.

दुकानदाराला जाऊन झापलं. तो म्हणाला, "काका, गाजर उगवायला टाईम घेतंय. घाई कामून करायलाव?" मी त्याला सांगितलं, लेट होणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरनं मला हेच सांगितलंय. दुसरं पाकीट घेतलं, दुसऱ्या कंपनीचं.

राजूबाईनं गव्हाचे तुरे माझ्या टोपीत खोचले आणि घटाची माती तुळशीत टाकली. नाहीतरी वायाच गेली होती.

१५ ऑक्टोबर. सकाळी ६.००.
आता पद्धतशीर काम.

गच्चीवर निळा ड्रम मधोमध कापून दोन अर्धे केले. समोर नव्या घराचा पाया खणलाय, तिथून लाल माती आणली. खडे आहेत, पण ह्याच मातीवर बीदरचा किल्ला उभा आहे, तर गाजर उभं राहायला काय हरकत आहे? वर ताजं शेण, पाटीभर. राजूबाई म्हणाली, शेण वाळू द्या. मी म्हणालो, पाहुण्याला शिळं वाढतात का?

बी सरळ ड्रममध्ये टाकायचं नाही. आधी थर्माकोलच्या खोक्यात रोप करायचं आणि मग उपटून लावायचं. मिरचीचं करतात, कांद्याचं करतात, वांग्याचं करतात. पाकिटावर काहीतरी वेगळं लिहिलंय, पण पाकीट छापणारा माणूस बंगळुरात बसलेला असतो.

३१ ऑक्टोबर. सायंकाळी ५.१५.
रोपं ड्रममध्ये लावली. सरळ रेषेत, समान अंतर ठेवून. निम्मी आडवी पडली, त्यांना काड्यांचा टेकू दिला. शेजारच्या गच्चीवरून निलम्माक्का दिवाळीचे दिवे लावता लावता म्हणाल्या, "अण्णा, कोथिंबीर हाय व्हय? चार काड्या द्या, सांबारात टाकते." मी टेकू लावत राहिलो. त्यांच्या सांबाराला ह्या प्रकरणाचं महत्त्व कळणार नाही.

संकल्प: राग आवरणे.

९ नोव्हेंबर. सकाळी ६.३०.
इन्स्पेक्शन सुरू केलं. पद्धत अशी. रोप हळूच उपटायचं, खाली किती जाडी आली ते बघायचं, परत खोचायचं, पाणी द्यायचं. सगळी एकदम नाही, आळीपाळीनं. बोनेट उघडल्याशिवाय इंजिनात काय चाललंय ते कळत नाही, हे डेपोतलं पोरगंही सांगेल.

सध्या दोऱ्याएवढं आहे. सुरुवात म्हणून समाधानकारक.

१३ नोव्हेंबर. तुळशीचं लग्न. रात्री ८.००.
एक किरकोळ प्रकार. तुळशीच्या बुडाला घटाच्या मातीतून काहीतरी बारीक पानाचं उगवलंय. थेट माझ्या ड्रममधल्या पानासारखं दिसतं. तण असंच असतं. पिकाचं सोंग घेऊन विनातिकीट प्रवास करतं. मी उपटायला वाकलो तर राजूबाईनं हातावर चापट मारली. अक्षतांच्या ताटासकट. म्हणाली, "देवीच्या घटातनं आलंय. ड्रममधी काय करायचं ते करा. माझ्या तुळशीला हात लावायचा न्हाई."

सोडून दिलं. मंगलाष्टकं चालू होती. पण अंधश्रद्धा ही अशी असते.

२४ नोव्हेंबर. सकाळी ७.१०.
मागच्या आठवड्यात युरिया टाकला होता. मूठभर सांगतात, मी दोन मुठी टाकल्या. आठवड्यात पाला गुडघ्याला लागेल असा झाला. हिरवागार. दोन्ही ड्रम झाकून गेले. निलम्माक्का बघतच राहिल्या.

अण्णाला फोन केला. सांगितलं, रान माजलंय. तो म्हणाला, "पाला लई हाय म्हन की. खाली काय हाय?" मी म्हणालो, वर एवढं आहे तर खाली असणारच. त्यावर तो काही बोलला नाही. त्याची ही सवय लहानपणापासून आहे. गप्प बसतो आणि आपल्याला बोलायला लावतो. मी बोलत गेलो. विहिरीकडच्या तुकड्यात आधी काय लावायचं, पाइपलाइन कुठून न्यायची, सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यात एक छोटी खोली, वर पत्रे, बाहेर खुर्ची.

फोन ठेवल्यावर छातीत धडधड होत होती. आनंदानं होत असेल.

५ डिसेंबर. सकाळी ६.४०.
इन्स्पेक्शन. ड्रम नंबर एक. पहिलं रोप, दोरा. दुसरं, दोरा. तिसऱ्याला तीन पाय फुटलेत आणि तिन्ही तीन दिशांना निघालेत. चौथं आणि पाचवं एकमेकांत अडकलंय.

सगळी परत खोचली. कारणं: थंडी उशिरा पडली, बोअरचं पाणी जड आहे, निलम्माक्कांची नजर. उपाय: आणखी युरिया.

नाश्ता केला नाही.

१४ डिसेंबर. सकाळी ९.००.
डॉक्टर म्हणाले बीपी वाढलंय, कसलं टेन्शन आहे का? मी म्हणालो गाजराचं. त्यांनी गोळी बदलून दिली.

अण्णाचा फोन येऊन गेला. वीरण्णा तुकड्यात कांदा लावायचा म्हणतोय, रोप तयार आहे, पण तुझं ठरेपर्यंत थांब म्हणालोय, असं सांगितलं. म्हणजे सगळी वाहतूक माझ्यासाठी अडकलीय. स्टँडवर असं झालं की लोक कंट्रोलरच्या खिडकीवर हात आपटायचे. आता कोणी आपटत नाही, तरी मला आवाज येतो.

राजूबाईनं विचारलं, "खरंच आलीत का व्हो गाजरं? न्हाई तर मी वहिनीस्नी आधीच सांगते, काय तरी बघतील." मला त्या वेळी खरं सांगता आलं असतं. तिचा चेहरा तसा होता. मी म्हणालो, भरघोस आलीत. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

एक गोष्ट इथंच लिहून ठेवतो. मला नोकरी लागली त्या दिवशी बाबा विहिरीवर पाणी वळवत होते. म्हणाले, बरं झालं, तुझे हात खराब होणार नाहीत. नाही झाले. अण्णाचे हात बघितले की मला माझे हात खिशात घालावेसे वाटतात. तुकडा मला त्यासाठी हवा आहे. पाइपलाइन वगैरे नंतरचं.

२१ डिसेंबर. सकाळी ६.००.
इन्स्पेक्शन बंद केलं. पिकावर विश्वास ठेवला पाहिजे. गच्चीवर जातो, पाणी घालतो, पाल्याकडं बघतो आणि खाली येतो. मातीला हात लावत नाही.

लावायची हिंमत होत नाही असं नाही. तत्त्व म्हणून लावत नाही.

२८ डिसेंबर. दुपारी १२.३०.
निर्णय. गाजरं उपटून पिशवीत न्यायची नाहीत. कोण म्हणेल, बाजारातली आहेत. दोन्ही ड्रम जसेच्या तसे टेम्पोत घालून न्यायचे आणि अण्णाच्या अंगणात, सगळ्यांसमोर, उपटायची. पुराव्यासहित. शिवाय अजून एक रात्र वाढायला मिळते. शेवटच्या रात्रीत पुष्कळ होऊ शकतं.

२९ डिसेंबर. रात्री.
वेळ लिहीत नाही.

टेम्पो पाचला जनवाड्यात पोचला. उद्याची भज्जी पहाटे शिजवायची म्हणून अंगणात सगळं निवडायला बसलं होतं. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, वांगी, मेथी. वहिनींच्या पुढं एक रिकामी पाटी ठेवलेली होती. माझ्यासाठी. वीरण्णाही आलेला. ड्रम उतरवताना तो मला म्हणाला, "पाला झकास हाय, अण्णा." मनापासून म्हणाला, हे मी मान्य करतो.

मी दोन शब्द बोललो. बोलायला नको होते. मग पहिलं उपटलं. दोरा. हसलो आणि म्हणालो, हे कडेचं आहे. दुसरं उपटलं. तिसरं. मधली उपटली. मग दोन्ही हातांनी उपटत सुटलो. पायवाली, शिंगवाली, एकमेकांच्या गळ्यात पडलेली, उंदराच्या शेपटीएवढी. एक बऱ्यापैकी जाड लागलं तर तो पायाच्या मातीतला खडा निघाला. दोन्ही ड्रम रिकामे झाले. पाटीचा तळ झाकला नाही.

कोणी हसलं नाही. एवढी माणसं बसलेली, आणि एकजण हसला नाही. अण्णा उठला, काठी घेतली आणि बैलांना वैरण टाकायला गेला. वहिनी म्हणाल्या, "पाला कवळा हाय, भज्जीत चालतंय की," आणि पाला चिरायला घेतला. मग त्यांनी दुकानातून किलोभर गाजरं मागवली. राजूबाई त्यांच्या शेजारी बसून ती किसत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

३० डिसेंबर. येळ अमावस्या. दुपारी २.००.
कडब्याची कोपी झाली, पाच पांडव म्हणून मांडलेले दगड चुन्यानं रंगवले, लक्ष्मी पुजली. अण्णानं शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडली. मी मागं तांब्या घेऊन चाललो. विहिरीपाशी आल्यावर त्यानं वीरण्णाच्या हातात तुकड्याचा नारळ दिला. वीरण्णानं तो घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

भज्जी चांगली झाली होती. सगळे तसं म्हणाले.

३१ डिसेंबर. सकाळी ७.२०.
आज राजूबाई तुळशीला पाणी घालत होती. मी पायरीवर बसलो होतो. गच्चीवर जायचं काही कारण उरलं नव्हतं. पाणी पडलं, बुडाची माती जरा वाहून गेली आणि त्या तणाखाली केशरी दिसलं. अंगठ्याएवढी जाड कड. मी जवळ गेलो. ह्या वेळी तिनं चापट मारली नाही. म्हणाली, "काढा आता."

काढलं. वीतभर आलं. एकदम सरळ. मग दुसरं, मग तिसरं. पाटीभर नाहीत, पण एका भज्जीला पुरतील इतकी. माझ्याच हातानं टाकलेलं बी. बोगस म्हणून ज्याला शिव्या दिल्या ते.

तिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, तुळशीच्या लग्नापासून. मग सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर तुम्ही रोज उपटून बघितलं असतं." पण परवा तरी घेऊन यायची होतीस, असं म्हणालो. आवाज चढला माझा. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हणलाव, ड्रममधी भरघोस हायत. मी खरं धरलं."

ह्याचं वाटलं तितकं वाईट मला गाजरांचं वाटलं नव्हतं.

१ जानेवारी २०२५. सायंकाळी ६.००.
सकाळच्या पहिल्या गाडीनं गाजरं घेऊन जनवाड्याला गेलो. अण्णाला सगळी कथा सांगितली. बी माझं, माती तुकड्यातली, फक्त अमावस्या चुकली. एका दिवसासाठी कोणी परमिट रद्द करतं का?

अण्णानं एक गाजर धोतराला पुसलं आणि कडाकडा खाल्लं. म्हणाला, "ग्वाड हाय." मग विचारलं, "ह्येला खत कोण घातलं?" मी म्हणालो, कोणी नाही. "खुरपलं कोण?" कोणी नाही. "पाणी?" राजूबाई, रोज एक तांब्या. "तू काय केलास?" मी खरं सांगितलं. काही केलं नाही, ती मला हात लावू देत नव्हती.

अण्णा हसला. सप्टेंबरपासून पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "मंग तुझ्याजोगं काम हाय माझ्याकडं. ज्वारीत दाणं भरायलेत, पाखरं लई पडायलीत. मचाणावर बसून वरडायला माणूस न्हाई. तुझा आवाज स्टँडभर जायचा न्हवं?" तुकड्याबद्दल काही बोलला नाही. वीरण्णाचा कांदा लावून झालाही होता.

मी एकदम हो म्हणालो नाही. गाडीच्या वेळेपर्यंत विचार केला.

१९ जानेवारी. सकाळी १०.४०. मचाणावरून.
पूर्ण शेताचा चार्ज माझ्याकडं आला आहे. अण्णा त्याला राखण म्हणतो.

गोफण जमत नाही, पण तिची गरजही पडत नाही. पाखरांचा थवा उतरला की मी उभा राहतो आणि जुन्या आवाजात सुरू करतो. भालकी, भालकी, भालकी! औराद, उदगीर, सुटणार, सुटणार! सगळी एकदम उडतात. वीरण्णा कांद्यात वाकलेला असतो, तो हात वर करून म्हणतो, "अण्णा, माझं एक हाफ तिकीट." राजूबाई काल भाकरी घेऊन आली, खाली उभी राहून ऐकत होती. पदर तोंडाला लावला होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

इथून विहीर दिसते. बाबा बसायचे तो कट्टा दिसतो.

दुपारी १.१५.
सकाळी एकदाच खाली उतरलो. ज्वारीचं एकच धाट, तेही बांधाकडचं, हळूच उपटून बघितलं. मुळं कशी चाललीत एवढंच बघायचं होतं. लगेच परत खोचलं. अण्णा विहिरीपाशी होता, हे लक्षात आलं नाही.

तो आला आणि शिडी काढून घेऊन गेला. जेवण दोरीनं वर येणार आहे. ज्वारी निघेपर्यंत.